गारेगार प्रश्नमंजुषा : आइस्क्रीम, कुलफी, गोला यांची पक्की माहिती हवी आहे

आंबियाबहार (धागाकर्ता) · मंगळवार, रात्री ९:४२

नवतपा तोंडावर आलाय. आमच्या कॉलनीत त्या दिवसांत एका रात्री गच्चीवर प्रश्नमंजुषा असते, कारण दिवसा दाराबाहेर पाय ठेवायची सोय नाही. यंदाचा विषय 'गारेगार'. आइस्क्रीम, कुलफी, बर्फाचा गोला, सगळं आलं त्यात. प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. समोर दोन निवृत्त प्राध्यापक आणि एक वकीलसाहेब बसलेले असतात. 'असं म्हणतात बुवा' छापाचं उत्तर दिलं की प्रश्नमंजुषा राहते बाजूला आणि उलटतपासणी सुरू होते.

आतापर्यंत जमलेला माल असा :

मुंबईत बर्फ आधी आला तो अमेरिकेतून, जहाजाने. १८३४ च्या सुमारास जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'ने दिली. (जमशेटजी तेव्हा 'सर' नव्हते, तो किताब १८४२ चा. वकीलसाहेबांसाठी आधीच लिहून ठेवतोय.) म्हणजे 'आइस्क्रीम खाऊ नको, घसा धरेल' हे वाक्य आपल्याकडे आइस्क्रीमच्या बरोबरीनेच आलेलं दिसतं.

दुसरं, व्हॅनिला. ही मूळची मेक्सिकोकडची ऑर्किडची वेल. फूल उमलतं एकच दिवस. बाहेरच्या देशांत वेल नेली तर वाढायची, पण शेंग धरेना, कारण परागीभवन करणारे तिकडचे किडे इथे नाहीत. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून फुलाचं हाताने परागीभवन करायची युक्ती काढली. आजही व्हॅनिलाच्या बागांत तसंच करतात. बेटावरचे मळेवाले गबर झाले, एडमंड गरिबीतच गेला.

तिसरं, काडीवरची बर्फाची कांडी. १९०५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रँक एपर्सन या ११ वर्षांच्या मुलाने सोड्याची पावडर घातलेलं पाणी ढवळणीच्या काडीसकट रात्रभर व्हरांड्यात विसरलं. सकाळी काडीला धरून बर्फ वर आला. पेटंट मात्र त्याने १९२४ मध्ये, मोठा झाल्यावर घेतलं.

अजून येऊ द्या. नागपूरचं काही असेल तर फारच छान.

कडक_चहा · मंगळवार, रात्री ९:५८

मार्को पोलोने चीनहून इटलीत आइस्क्रीम आणलं, हे टाका ना. सोप्पा प्रश्न. रोमचा नीरो डोंगरावरून बर्फ मागवायचा, तेही आहे.

शून्याखाली · मंगळवार, रात्री १०:२०

@कडक_चहा, नेमकं तेच टाकू नका. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात मंगोल सैनिक वाळवलेलं दूध पाण्यात घोळून पितात असं आहे. आइस्क्रीम त्यात नाही. तसंच ते कॅथरिन द मेदिचीचं. ती १५३३ मध्ये लग्न होऊन इटलीहून फ्रान्सला गेली आणि सोबत आइस्क्रीमवाले घेऊन गेली म्हणे. युरोपात अशा गोठवलेल्या पदार्थांच्या छापील कृती सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसायला लागतात. म्हणजे बाईंच्या वरातीनंतर दीडशे वर्षांनी.

मार्गारेट थॅचरबाईंचीही एक गोष्ट फिरते, की सॉफ्टी त्यांनी शोधली. त्या तरुणपणी जे. लायन्स या कंपनीच्या खाद्य प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होत्या, इथपर्यंत खरं. पण अमेरिकेत सॉफ्टी १९३० च्या दशकातच विकली जात होती आणि थॅचरबाई १९३८ मध्ये १३ वर्षांच्या होत्या.

माझं मत विचाराल तर राजेराण्यांच्या गोष्टी वगळाच. आइस्क्रीमची खरी गंमत दुधासाखरेत नाहीये. थंडी कुठून पैदा केली, यात आहे. दूध, साखर, फळं माणसाकडे हजारो वर्षं होती. नव्हता तो उन्हाळ्यातला बर्फ. त्या बाजूने प्रश्न काढा, उत्तरं आपोआप घट्ट होतील.

इतवारीवाला · मंगळवार, रात्री १०:२६

हाव, बरोबर बोलून राहिले शून्याखाली भाऊ. पण प्रश्न सोपे ठेवा बाप्पा, पोट्टे पण बसून राहतात तिथं. मागच्या साली अर्धे पोट्टे तिसऱ्या प्रश्नाला झोपले होते.

सोनपापडी · मंगळवार, रात्री १०:३१

वाचनखूण साठवली आहे. येऊ द्या.

आंबियाबहार · मंगळवार, रात्री १०:४४

थंडीच्या बाजूने, हे पटलं. मग अकबरापासून सुरू करू या का? अकबराच्या काळी कुलफी होती म्हणतात.

शून्याखाली · मंगळवार, रात्री ११:१५

अकबरापासून करा, पण कुलफी बाजूला ठेवून. ऐन-ए-अकबरीत जे स्पष्ट लिहिलेलं आहे ते पाणी गार करण्याचं. धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरून तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी आणि अडीच शेर सोरा. त्यात ती सुरई पाव तास फिरवायची, आतलं पाणी गार. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत लागतो तोच. पाण्यात विरघळताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. एकाच मालाने तोफही तापायची आणि पाणीही निवायचं. पुढे दरबार पंजाबात गेल्यावर लाहोरला डोंगरातून बर्फही यायला लागला, तेही त्यात आहे.

आता याहून भारी. १७७५ मध्ये सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादेकडे बर्फ कसा करतात याचं वर्णन छापलं. यंत्र नाही, हिमालय नाही. मोकळ्या माळावर उथळ खड्डे करायचे, तळाला उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं वीतभर पसरायची. त्यावर मातीच्या बिनझिलईच्या पातळ ताटल्या ओळीने मांडायच्या आणि संध्याकाळी त्यात उकळून निववलेलं पाणी ओतायचं. डिसेंबर ते फेब्रुवारी, आभाळ निरभ्र, वारा पडलेला असेल तर पहाटे ताटलीत बर्फाची चकती तयार. सूर्य उगवायच्या आत मजूर त्या गोळा करायचे आणि खोल तळघरात ठोकून ठोकून एकजीव करायचे. तोच साठा उन्हाळ्यात सरबतांना.

गंमत अशी की हवेचं तापमान शून्याखाली गेलेलं नसायचं, तरी बर्फ व्हायचा. ताटलीतलं पाणी आपली उष्णता रात्रभर मोकळ्या आकाशाकडे सोडत राहतं, खालची ताटं जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत, शिवाय मातीतून थोडं पाणी झिरपून वाफ होतं. ढग आले की संपलं, कारण ढग ती उष्णता परत खाली फेकतात. इराणात 'यखचाल' नावाच्या मातीच्या घुमटांशेजारी हाच खेळ चालायचा आणि बर्फ घुमटाच्या आत उन्हाळ्यापर्यंत टिकायचा.

गोरेवाडा_एक्सप्रेस · मंगळवार, रात्री ११:२८

दंडवत. यंदा डिसेंबरात गोरेवाड्याच्या बाजूला माळावर ताटल्या मांडू या. कोण येतंय?

इतवारीवाला · मंगळवार, रात्री ११:३०

ताटल्या मी आणतो. पण पहाटे चारला कोणी उठून राहिलं तर मले सांगजो बे.

मोगऱ्याची_वेणी · बुधवार, सकाळी ७:०५

किती छान धागा! आमच्या घरी पॉट आइस्क्रीम व्हायचं त्याची आठवण झाली. लाकडी बादली, मधे डबा, डब्याभोवती फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ. बादलीला बाजूला एक भोक असायचं, खारं पाणी वाहून जायला. ते भोक बर्फाने बुजलं की खारं पाणी वर चढून झाकणाच्या फटीतून डब्यात, आणि मग सगळी मेहनत गटारात. म्हणून एका पोराची ड्यूटी फक्त भोकावर लक्ष ठेवायची. हँडल शेवटी शेवटी इतकं जड व्हायचं की दोघं मिळून फिरवायचो.

मीठ नेमकं काय करतं, हे कोणी सोप्या शब्दांत सांगेल का? आम्हाला फक्त 'टाक मीठ, टाक मीठ' एवढंच माहीत.

शून्याखाली · बुधवार, सकाळी ८:१०

ताई, मीठ बर्फाला जबरदस्तीने वितळवतं. वितळायला उष्णता लागते आणि ती बर्फ जवळ मिळेल तिथून ओढतो, म्हणजे आतल्या दुधातून. साधा वितळता बर्फ शून्य अंशावरच थांबतो आणि साखर घातलेलं दूध शून्यावर गोठत नाही. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरी एवढं होत नाही, पण उणे दहाबारासुद्धा पुष्कळ. वजनाने तीनचार भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ हा अंदाज ठीक. बारीक मीठ झटकन विरघळून खाली वाहून जातं, जाडं मीठ टिकतं.

हँडलच्या पॉटचं पेटंट नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंचं, १८४३. हा प्रश्न नक्की घ्या, उत्तर एकच आहे आणि वकीलसाहेबांना पेटंटचा कागद दाखवता येतो. त्याआधी आइस्क्रीम म्हणजे डबा हाताने गरागरा फिरवायचा, मधेच उघडून कडा खरवडायच्या, पुन्हा फिरवायचा. तासन्‌तासांचं काम. म्हणून ते श्रीमंताघरचं. नॅन्सीबाईंनी डब्याच्या आत खरवडणारी पाती बसवली आणि बाहेर हँडल. आजच्या कारखान्यातलं यंत्र तत्त्वाने तेच करतं.

कडक_चहा · बुधवार, सकाळी ९:२५

आणि ते बोस्टनचं जहाज? उन्हात बर्फ टिकला कसा?

आंबियाबहार · बुधवार, सकाळी ११:५०

ते मी वाचलंय, सांगतो. फ्रेडरिक ट्युडर नावाचा बोस्टनचा व्यापारी. हिवाळ्यात तिथली तळी गोठली की करवतीने बर्फाच्या लाद्या कापायच्या आणि भुशात दाबून जगभर विकायच्या, हा त्याचा धंदा. सुरुवातीला लोक हसले, कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला. मे १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सप्टेंबरात पोचलं तेव्हा १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता!

लाद्या एकमेकींना चिकटवून रचल्या की बाहेरच्या थरापुरतंच वितळणं होतं, आतला गठ्ठा सुरक्षित. मग कलकत्ता, मुंबई, मद्रास इथे 'आइस हाउस' उभी राहिली. मद्रासचं अजून उभं आहे, मरीना किनाऱ्यावर. १८९७ मध्ये पश्चिमेकडून परतल्यावर स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आज ती इमारत विवेकानंदांच्या नावाने ओळखली जाते. हा प्रश्न मी फायनलला ठेवणार : 'विवेकानंद राहिले ती मद्रासची इमारत मुळात कशासाठी बांधली होती?'

सोनपापडी · बुधवार, दुपारी १२:१५

हा जबरी प्रश्न आहे! +१

पुणेरी_पाहुणा · बुधवार, दुपारी १:४०

सगळं बोस्टन, इराण, मद्रास. नागपूरचं काय? की तुमच्याकडे फक्त ऊन?

इतवारीवाला · बुधवार, दुपारी १:५२

ऊन आहे म्हणून तर आइस्क्रीम आहे भाऊ! तुमच्याकडे मस्तानी चमच्याने खातात का स्ट्रॉने पितात ते आधी ठरवा, मग इकडे या.

दिनशॉज ऐकलं नाही का? १९३२ पासून. पारशी राणा कुटुंब, दुधाच्या डेअरीपासून सुरुवात, आमच्याच गावात. विदर्भात लग्नाच्या पंगतीत आइस्क्रीमचा कप म्हटलं की आमच्या आजीच्या तोंडी तेच नाव, डबा कोणाचाही असू दे.

मोगऱ्याची_वेणी · बुधवार, दुपारी २:३०

आणि संत्रं! पण खरं सांगू, संत्र्याचं आइस्क्रीम घरी करायला गेलं की दूध फाटतं. बाजारातल्या केशरी आइस्क्रीमला रंग असतो, इसेन्स असतो, संत्रं शोधावं लागतं. आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तरी आइस्क्रीममध्ये ते का उतरत नाही?

शून्याखाली · बुधवार, दुपारी ३:४५

ताई, दोन अडचणी आहेत, आणि दुसरी खास आपल्या संत्र्याची.

पहिली, आंबटपणा. दुधातलं केसिन हे प्रथिन पीएच ४.६ च्या आसपास साकळतं. संत्र्याचा रस त्याहून आंबट. दूध गरम असेल तर क्षणात फाटतं. उपाय असा, की मिश्रण आधी अर्धवट गोठवून घ्या, मलईचं प्रमाण वाढवा आणि थंडगार रस शेवटी थोडा थोडा घाला. थंडीत आणि स्निग्धांशात फाटण्याचा वेग मंदावतो.

दुसरी, कडवटपणा. नागपुरी संत्र्याचा रस ताजा असताना गोड, तासाभराने कडू. प्रत्येक नागपूरकराला हे माहीत आहे. बिया आणि पाकळ्यांच्या सालींत एक पदार्थ असतो, जो मुळात कडू नाही. रस काढताना पेशी फुटल्या की रसाच्या आंबटपणाने त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि लिमोनिन अतिशय कडू. म्हणून आपल्या संत्र्याचा डबाबंद रस हा फळ-प्रक्रियावाल्यांचा जुना डोकेदुखीचा विषय. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत अशाच प्रश्नांवर काम चालतं.

घरी करायचं तर मिक्सर वापरूच नका. फोडी सोलून, बिया काढून, गर हाताने मोकळा करा. वास मुख्यतः सालीच्या तेलात असतो, म्हणून वरची केशरी साल बारीक किसून गरम मलईत मुरवा आणि गाळून घ्या. साल आंबट नाही, दूध फाटत नाही. पांढरा भाग मात्र खरवडू नका.

मोगऱ्याची_वेणी · बुधवार, दुपारी ४:२०

साल मलईत मुरवायची! हे डोक्यातच नव्हतं आलं. पण आत्ता मे महिन्यात चांगलं संत्रं कुठलं? मृग बहार तर मार्च-एप्रिलातच संपला. आता आंबिया बहाराची वाट बघायची, ऑक्टोबर उजाडेल.

दुधाशिवाय नुसत्या रसाचं करून बघते तेव्हा. आमच्या शेजारच्या काकू सांगायच्या, रसात धुतलेलं अंडं कवचासकट सोडायचं. बुडलं तर साखर कमी. वर येऊन रुपयाच्या नाण्याएवढा भाग उघडा दिसला की साखर बरोबर. शाकाहारी घरात काय करायचं ते काकूंनी सांगितलं नाही. :)

शून्याखाली · बुधवार, दुपारी ४:४१

काकूंना नमस्कार सांगा, ते अगदी शास्त्रीय आहे. साखर वाढली की रसाची घनता वाढते, अंडं वर तरंगतं. कारखान्यात यासाठी वेगळं उपकरण असतं. साखर फक्त गोडीसाठी नसते, ती गोठणबिंदू खाली आणते. कमी पडली तर दगड, जास्त झाली तर गोठतच नाही.

थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, हेही त्यातच आलं. वितळलेलं आइस्क्रीम चाटून बघा, किळस येईल इतकं गोड लागतं. कुलफीचं दूध कोमट असताना 'जरा जास्तच झाली साखर' असं वाटलं पाहिजे, तर गोठल्यावर बरोबर लागते.

इतवारीवाला · बुधवार, संध्याकाळी ५:१०

कुलफीवर बोला ना थोडं. आमचा एक मित्र म्हणून राहिला होता का कुलफी म्हणजे देशी आइस्क्रीम. मी म्हटलं, नाई बे, वेगळी आहे. पण काऊन वेगळी ते सांगता नाही आलं.

शून्याखाली · बुधवार, संध्याकाळी ६:०२

हवेमुळे. आइस्क्रीम गोठताना घुसळतात, त्यात हवा शिरते. कारखान्यात तर मोजून भरतात. मिश्रण जितकं, जवळजवळ तितकीच हवा असू शकते. म्हणून आइस्क्रीम मिलिलिटरमध्ये विकतात. एक लिटरचा डबा वजनकाट्यावर ठेवा. नियमानुसार आइस्क्रीम लिटरला निदान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे, आणि हवा नसती तर तेच एक किलोच्या वर गेलं असतं. हवा म्हणजे फसवणूक नव्हे हं, ती नसेल तर चमचा वाकतो.

कुलफी घुसळत नाहीत. दूध आटवून आटवून तिसऱ्या हिश्शावर आणायचं, साच्यात भरायचं, मीठ-बर्फाच्या माठात रोवायचं. हवा जवळपास नाही, दुधाचा घट्टपणा भरपूर. म्हणून ती जड लागते, सावकाश वितळते आणि आपल्या उन्हात काडीवर टिकते. आटवताना दुधाला जी खमंग चव येते, ती आइस्क्रीमला नाही.

पुणेरी_पाहुणा · बुधवार, संध्याकाळी ६:३०

डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं असतं ते काय? एका लग्नात (केटररचं नाव घेत नाही) आइस्क्रीमचे पैसे घेऊन तेच वाढलं होतं. टाळूला तुपकट थर बसला नुसता.

शून्याखाली · बुधवार, संध्याकाळी ६:५८

आपल्याकडच्या नियमात 'आइस्क्रीम' म्हणायला किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. अडीच ते दहाच्या मधलं 'मीडियम फॅट', अडीचच्या आत 'लो फॅट'. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरता येतं आणि तसं वेष्टनावर लिहावं लागतं. ते बेकायदा अजिबात नाही, नाव वेगळं एवढंच. तुपकट थराचं म्हणाल तर दुधाची चरबी शरीराच्या उष्णतेला वितळते, काही वनस्पती चरब्या तोंडात पूर्ण वितळत नाहीत. २०१७ मध्ये अमूलच्या एका जाहिरातीवरून याच विषयावर हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. तुमच्या वकीलसाहेबांना हा प्रश्न राखून ठेवा.

आंबियाबहार · बुधवार, रात्री ८:१५

राखीव! आता पोरांसाठी द्या काहीतरी. गोला, मेंदू गोठणं वगैरे.

गोरेवाडा_एक्सप्रेस · बुधवार, रात्री ८:४०

मेंदू गोठतो त्याचं वैद्यकीय नाव 'स्फेनोपॅलेटाइन गँग्लिओन्युराल्जिया'. पोरांना एका दमात म्हणायला लावा, जो म्हणेल त्याला जास्तीची कुलफी. मेंदू अर्थातच गोठत नाही. टाळू एकदम थंड होतो, तिथल्या रक्तवाहिन्या आधी आकसतात मग फुगतात आणि दुखणं कपाळात जाणवतं. जीभ टाळूला दाबून धरली की लवकर उतरतं.

बर्फवाल्याच्या लादीचा प्रश्नही छान आहे. लादी कडेला काचेसारखी आणि मधे पांढरी का? पाणी बाहेरून आत गोठत येतं आणि गोठताना विरघळलेली हवा नि क्षार आत ढकलत नेतं. शेवटी सगळं मधे अडकतं. आणि निळा बर्फ दिसला तर गोला खाऊ नका. २०१८ पासून आपल्या राज्यात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे, मासे-बिसे ठेवायचा तो.

सोनपापडी · बुधवार, रात्री ८:५५

पोरांना एम्पेम्बाची गोष्ट सांगा! टांझानियातला शाळकरी मुलगा, एरास्तो एम्पेम्बा, १९६३. शाळेत आइस्क्रीम करताना घाई झाली म्हणून दूध न निववता गरमच फ्रीजरमध्ये ठेवलं, आणि इतरांच्या थंड दुधाआधी याचं गोठलं. शिक्षकांनी वेड्यात काढलं. पुढे डेनिस ऑस्बोर्न हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले तेव्हा त्याने सगळ्यांसमोर तेच विचारलं, वर्ग पुन्हा हसला. ऑस्बोर्न यांनी मात्र परत जाऊन प्रयोग करवला आणि १९६९ मध्ये दोघांनी मिळून निबंध छापला. त्या परिणामाला आज त्या पोराचं नाव आहे.

शून्याखाली · बुधवार, रात्री ९:२०

सुंदर गोष्ट. फक्त प्रश्न 'कोणाच्या नावाने?' असा विचारा. 'का होतं?' असं विचारू नका, त्यावर भौतिकशास्त्रवाले अजून भांडताहेत आणि असं खरंच होतं का यावरही. तुमचे दोन प्राध्यापक पहाटेपर्यंत गच्चीवरून उतरणार नाहीत.

कडक_चहा · बुधवार, रात्री ९:३३

एक शंका. एवढं गार खाऊन अंग थंड होतं का खरंच? आमचे वडील म्हणतात आइस्क्रीम उष्ण असतं.

शून्याखाली · बुधवार, रात्री १०:०५

वडिलांच्या बाजूने हिशेब लागतो! १०० ग्रॅम आइस्क्रीम वितळवून शरीराच्या तापमानाला आणायला शरीराला जेमतेम सातआठ किलोकॅलरी उष्णता द्यावी लागते. आणि तेच पचून शरीराला मिळतात दोनशेच्या आसपास. तोंडाला आणि जिवाला गार, हिशेबात उष्ण. उन्हातून आल्यावर आधी पाणी प्या, माठातलं. मग आइस्क्रीम हौसेने खा.

कडक_चहा · बुधवार, रात्री १०:०९

हा प्रतिसाद वडिलांना दाखवणार नाही. खिक्.

पुणेरी_पाहुणा · बुधवार, रात्री १०:३०

माझ्याकडून एक. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने पॅसिफिकमध्ये एक काँक्रीटचा तराफा आइस्क्रीमच्या कारखान्यासाठी ठेवला होता. स्वतःचं इंजिन नाही, दुसरी बोट ओढून न्यायची. आणि तुर्कस्तानात माराशचं आइस्क्रीम सुरी-काट्याने कापून खातात. ऑर्किडच्या कंदाची पूड घालून ते इतकं चिवट करतात की विक्रेता लांब दांड्याला लटकवून गिऱ्हाइकांना झुलवतो. मॉलमध्ये पोरांना रडवणारा तो प्रकार मूळचा तिथला.

आंबियाबहार · बुधवार, रात्री ११:००

मंडळी, पुरे इतका माल झाला. मद्रासची इमारत फायनल, नॅन्सी जॉन्सन उपांत्य, पोरांना निळा बर्फ आणि ते गँग्लिओ-काय ते. आता एक विनंती. मधल्या सुट्टीत गच्चीवर खरं पॉट आइस्क्रीम फिरवून दाखवायचा विचार आहे. लाकडी पॉट कोणाकडे आहे का? बर्फाच्या लादीची सोय मी करतो.

इतवारीवाला · बुधवार, रात्री ११:१२

आमच्या माळ्यावर आहे. हँडल ठीक आहे, पात्याचा एक पट्टा घासला आहे, तो सुतार बसवून देते म्हणते. बादली मात्र आत्तापासून पाण्यात भिजत ठेवा लागते भाऊ, फळ्या सुकून फटी पडल्या आहेत. उद्या येऊन घेऊन जा. दूध मोगरा ताईंच्या हातचं पाहिजे, आणि भोकावर बसायला एक पोट्टा आधीच पकडून ठेवा.

मोगऱ्याची_वेणी · बुधवार, रात्री ११:२०

दूध मी आटवते. साडेचार लिटर आणा, म्हशीचं. जाडं मीठ चार किलो तरी घ्या आणि हो, पोट्टा नको, वकीलसाहेबांना बसवा भोकावर.